झुडपी आणि दुर्बीण

महाराष्ट्र शासनाने २०२० साली एक गोड निर्णय केला. दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी-सप्ताह म्हणून पाळावयाचे ठरले. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालीम अलींचा. सरकारी निर्णय सहसा गोड नसतात. म्हणून या एका निर्णयाचे कौतुक मी आधीच करून टाकतो. कारण पुढे मला जे म्हणावयाचे आहे ते गोड नाही. दिवाळीच्या फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढली असे कोणास वाटले, तर त्याने खुशाल तसे म्हणावे.

हा सप्ताह दिवाळीच्या आगेमागे येतो. पाऊस सरलेला असतो, धान पिवळे पडलेले असते, कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात, उत्तरेकडची पाहुणी पाखरे तळ्यांवर उतरू लागलेली असतात. अशा वेळी शहरांतून सहली निघतात. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, अंगात शेवाळी रंगाचे कपडे, हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये यादी. पहाटे निघावयाचे, शिवारातून, माळावरून, रानाच्या कडेकडेने कोस-दोन कोस चालावयाचे, दिसेल त्या पाखराचे नाव पुकारावयाचे, यादीत खूण करावयाची, आणि ऊन चढले की परतावयाचे. या निरुपद्रवी, किंबहुना सात्त्विक छंदाविरुद्ध कोणी शहाण्या माणसाने लेखणी का उचलावी? मी उचलतो आहे. आणि का, ते सांगतो.

मी सिरोंचा तालुक्यात मास्तर आहे. सवड सापडेल तशा कादंबऱ्या लिहितो. सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचे, आणि म्हणून महाराष्ट्राचेही, आग्नेयेकडचे शेवटचे टोक. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि पुढे सोमनूरपाशी इंद्रावती. एका काठी महाराष्ट्र, दुसऱ्या काठी तेलंगण, तिसऱ्या काठी छत्तीसगड. आमच्या वर्गातल्या बाकांवर तेलुगू, माडिया-गोंडी आणि मराठी या तीन भाषा मांडीला मांडी लावून बसतात. पक्षीशास्त्र मी शिकलेलो नाही. माझी मजल मॅट्रिकपर्यंतच गेली. पण इतकी वर्षे खडू झिजविल्यामुळे एक गोष्ट मला चटकन ओळखता येते: कोण शिकायला आला आहे आणि कोण नुसती हजेरी लावायला.

माझा आरोप असा आहे. या सहली पाखरे पाहतात. पण ज्या जमिनीवर ती पाखरे जगतात ती जमीन पाहत नाहीत, आणि ज्या माणसांना ती पाखरे ठाऊक आहेत त्या माणसांना तर मुळीच पाहत नाहीत. आणि ही नुसती शिष्टाचारातली उणीव नाही. तिच्यामुळे जमीनही जाणार आहे आणि पाखरेही जाणार आहेत.

गेल्या साली अशी एक सहल आमच्या गावी आली. मंडळाचे नाव मी सांगणार नाही. माणसे भली होती, आणि माझे भांडण माणसांशी नसून रीतीशी आहे. वीस-बावीस स्त्री-पुरुष होते. शाळेकडे त्यांनी वाटाड्या मागितला. मी आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या शेळीवाल्याला विनंती केली. त्यांना सारा गाव ताता म्हणतो. ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. साठ वर्षे त्यांनी या शिवारात शेळ्या चारल्या आहेत. वर्गातली पाच-सहा मुलेही बरोबर घेतली.

मिरचीच्या आणि कपाशीच्या बांधांवरून आम्ही निघालो. तारेवरचा कोतवाल, बाभळीवरचा खाटीक, ढेकळांतून उठणारा चंडोल, ओल्या वाफ्यातले बगळे, सगळ्यांची नोंद झाली. ताता पुढे होते; पण थोड्याच वेळात सहलीचे प्रमुख त्यांच्या पुढे गेले, मग दुसरे, मग कॅमेरेवाले, आणि अर्ध्या तासात वाटाड्या वरातीच्या शेवटी चालत होता. एकदा तर एका गृहस्थांनी त्यांना म्हटले, “मामा, जरा बाजूला व्हा, तुम्ही फोटोत येताय.” ताता बाजूला झाले. शिवार संपून झुडपी लागली तेव्हा प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, “इथे काही नाही. भरभर चला, पुढे जंगल लागेल.” तेव्हा ताता मला तेलुगूत म्हणाले, “सारू, यांना सांगा, इथे रात्री पळणारी पाखरे आहेत. उडत नाहीत, पळतात.” मी ते मराठीत सांगितले. प्रमुख हसून म्हणाले, “करवानक असेल.” आणि चालू लागले.

करवानक असेलही. बहुधा असेलच. माझा आक्षेप त्या उत्तराला नाही. वही न उघडता दिलेल्या उत्तराला आहे. किती पळतात? केव्हा? कोणत्या महिन्यात? अंडी पाहिली का? आवाज कसा? या पाच प्रश्नांना पाच मिनिटे लागली असती. साठ वर्षांचा अनुभव शेजारी उभा होता, आणि मंडळींना जंगल गाठावयाची घाई होती.

आता ही झुडपी म्हणजे काय, ते विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. निकृष्ट जमिनीवरचे खुरटे, काटेरी, विरळ झुडपांचे रान; मधे मधे उघडे माळ, गवत, मुरूम. जुन्या मध्यप्रांताच्या महसुली कागदांत अशा जमिनीस ‘झुडपी जंगल’ असे लिहिलेले आढळते. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली येथे, अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. गावाची गुरे इथे चरतात, सरपण इथून येते, तित्तिर आणि लावे इथे राहतात, रातवे इथे जमिनीवर बसतात, माळटिटवी इथे उघड्या मुरमावर अंडी घालते. शहरी डोळ्यांना मात्र इथे काही दिसत नाही. वाघ नाही, सागाचे उंच खोड नाही, फोटोला पार्श्वभूमी नाही. सरकारी डोळ्यांनाही दिसत नाही. देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह निघतो, त्यात झुडपांची जमीन ‘पडीक’ या सदरातच मोडते.

आणि याच पडीक जमिनीने सिरोंच्याचे नाव पक्षीशास्त्राच्या ग्रंथांत नेऊन ठेवले आहे! ही कथा सहलीतल्या एकालाही ठाऊक नव्हती, म्हणून इथे सांगतो.

मद्रास इलाख्यात थॉमस जेर्डन नावाचा एक लष्करी डॉक्टर होता. त्याने मिळविलेल्या एका पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथने १८४८ साली केले. टिटवीहून लहान, उंच पायांचा, छातीवर दोन पट्टे, दिवसा झुडपाखाली दडणारा आणि रात्री पायांवर धावणारा असा हा पक्षी. मराठीत त्याला जेर्डनचा धाविक म्हणतात. त्यानंतर विल्यम ब्लॅनफर्ड हा भूगर्भशास्त्रज्ञ गोदावरीच्या खोऱ्यात हिंडत असता त्याला हे पाखरू आढळले. त्याच्या नोंदींतली दोन ठिकाणे अशी: भद्राचलमचा परिसर आणि सिरोंच्याचा परिसर. १९०० साली अनंतपूरच्या बाजूस आणखी एक नोंद झाली. आणि मग सारे शांत. पंचाऐंशी वर्षे हा पक्षी कोणा पक्षीशास्त्रज्ञास दिसला नाही. जाणत्यांनी शोध केले, हात हालवीत परत आले, आणि पुष्कळांनी तो नामशेष झाला असे मनोमन ठरवून टाकले.

१९८६ च्या जानेवारीत तो सापडला. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात, रेड्डीपल्ली गावाजवळच्या झुडपी रानात. शोधाचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण करीत होते. पण रात्री विजेरीच्या उजेडात ते पाखरू ज्याने हातांनी धरले, त्याचे नाव ऐतन्ना. ऐतन्ना पाखरे धरण्यात वाकबगार असा त्या भागातला शिकारी होता. शास्त्राने ज्याला मेला म्हटले होते त्या पाखराला गावात नावसुद्धा होते: कलिवी कोडी. कोडी म्हणजे कोंबडी. कलिवीच्या झुडपातली कोंबडी. म्हणजे पंचाऐंशी वर्षे पाखरू हरवलेले नव्हते. पाखरू आपल्या जागी होते, त्याचे नाव त्याच्या जागी होते. हरवली होती ती विचारणाऱ्यांची वाट. पुढे त्या पाखरासाठी श्री लंकामल्लेश्वर अभयारण्य झाले. मधे पुन्हा बरीच वर्षे ते दिसेनासे झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टात त्याच कडप्पा जिल्ह्यात त्याची साद पुन्हा ऐकू आली. रात्री, आणि झुडपातूनच.

सिरोंच्यात हा पक्षी आज आहे असे मी म्हणत नाही. ताता म्हणतात तो हाच, असेही म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, जिथे तो एकेकाळी होता त्या भूमीवर, त्याच्याच आवडीच्या झुडपीत, तेलुगू बोलणारा एक म्हातारा ‘रात्री पळणारे पाखरू’ म्हणाला तर पक्षीनिरीक्षकाच्या अंगावर काटा उभा राहावयास हवा होता. त्याने घड्याळाकडे पाहिले! ज्याला कडप्पाची कथा ठाऊक आहे त्याला हे पाहवणार नाही, आणि ज्याला ती ठाऊक नाही त्याने सिरोंच्यात पक्षी पाहावयास येताना काय वाचले, असे मी मास्तरकीच्या अधिकाराने विचारतो.

ही रीत कुठून आली? माझ्या मते ती शिकारीतून आली. साहेबाची शिकार कशी होत असे, हे आमच्या जंगल-पट्ट्यातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. गावचे लोक हाका घालीत, ढोल बडवीत, काटे तुडवीत. साहेब मचाणावर बसे. वाघ पडला की फोटोत साहेब, कातडे साहेबाच्या दिवाणखान्यात, नाव साहेबाच्या पुस्तकात. हाकाऱ्यांना दिवसाची मजुरी. आज बंदूक गेली हे फार चांगले झाले. पण मचाण अजून तेच आहे. पाखरू कुठे बसते ते गुराखी सांगतो, झाडाखाली पोराला उभे करतात, आणि मासिकात फोटोखाली नाव येते ते कॅमेरेवाल्याचे. आमच्या सहलीची यादी पंधरा दिवसांनी शाळेकडे आली. चाळीसाच्या वर पक्षी होते. इंग्रजी नावे, मराठी नावे, शास्त्रीय नावे, प्रमुखांचे नाव, छायाचित्रकारांची नावे. तातांचे नाव नव्हते. तेलुगू किंवा माडिया नाव एकही नव्हते. आणि झुडपीचे तर नावच नव्हते.

सिरोंच्याला हे नवे नाही. १९५८ पासून पुढे काही वर्षे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून एका अजस्र प्राण्याची हाडे उकरली गेली. तो बारापासॉरस, मोठ्या पायांचा म्हणून बारा-पा, आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या काळात सापडला म्हणून पुढचे नाव टागोरी. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे, आणि ज्या खडकांत तो सापडला त्यांना आमच्या कोटा गावाचे नाव आहे. खडकाला गावाचे नाव मिळाले, प्राण्याला कवीचे मिळाले. ज्यांच्या शेतांतून आणि नाल्यांतून ही हाडे निघाली त्यांच्या वाट्याला नाव आले नाही. हाडांचे एक वेळ चालेल. हाडे मेलेलीच असतात. पाखरे जिवंत आहेत.

या साऱ्यात माझ्या मुलांचे काय झाले ते आता सांगतो. मला खरे दुखले ते तिथे. परतीच्या वाटेवर एका बाईंनी मोठ्या मायेने मुलांना विचारले, “बाळांनो, तुम्हाला किती पक्ष्यांची नावे येतात?” एकाने चिमणी म्हटले, एकाने मोर. पुढे कोणी बोलेना. बाई हळहळल्या, आणि शाळेला एक तक्ता पाठविण्याचे त्यांनी कबूल केले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तोच प्रश्न घातला. मात्र ‘पक्षी’ हा शब्द न वापरता. तेलुगू मुलांना म्हटले ‘पिट्टलु’, माडिया मुलांना म्हटले ‘पिट्टे’. फळा पुरेना! कोंगा, गुव्वा, तीतुव, कौजु, चिलुका, डेगा. कोणते कुठे घरटे करते, कोणते पिकाचे नुकसान करते, कोणते बोलले की पाऊस येतो, सारे. आदल्या दिवशी हीच मुले मुकी होती. कारण प्रश्न त्यांच्या भाषेत नव्हता आणि विचारणाराचा चेहरा उत्तर आधीच ठरवून आला होता. त्या एका सकाळी मुले एक गोष्ट शिकली: आपल्याला जे येते ते ज्ञान नव्हे. हा धडा शाळेतून पुसावयास मला वर्ष लागते.

आणि पाखरे पाहावयास समुदायाने शिवारात जाणे ही काय शहरी मंडळांनी शोधून काढलेली गोष्ट आहे? आमच्याकडे, नदीच्या दोन्ही काठांच्या तेलुगू लोकांत, दसऱ्याच्या दिवशी पालपिट्ट पाहण्याची रीत आहे. मराठीत तो नीलपंख. तेलंगणाचा तो राज्यपक्षी. त्या दिवशी माणसे पोराबाळांसह गावाबाहेर पडतात, बांधाबांधाने हिंडतात, आणि निळ्या पंखांचे दर्शन घडले की हात जोडतात. दुर्बीण नाही, यादी नाही. पण घरातल्या म्हातारीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळ्यांनी एक पाखरू डोळे भरून पाहिलेले असते. हिला पक्षीनिरीक्षणाची सहल म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? शहरांत या रीतीचा बाजार झाला, पाखरू पिंजऱ्यात घालून पैसे घेऊन दाखविणारे निघाले, हे मला ठाऊक आहे आणि त्याची मला चीड आहे. पण ती विकृती पिंजऱ्याची. शिवारात जाऊन पाहण्याची नव्हे.

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, “मास्तर, गावकऱ्यांचे इतके गोडवे गाऊ नका. गलोली कोणाच्या हातांत असतात? तित्तिराला फासे कोण लावतो?” खरे आहे. माझ्या वर्गातल्या दप्तरांतून मी गलोली काढून घेतल्या आहेत. पण ऐतन्नाही पाखरे धरणाराच होता! ज्याला फासा कुठे लावावा हे कळते त्याला पाखरू कुठून जाते हे कळते. त्याला चोर म्हणून हाकलले तर फासा राहतो आणि माहिती जाते. त्याला जाणता म्हणून बोलावले तर फासा सुटण्याचा तरी संभव असतो.

दुसरा म्हणेल, “गावाची नावे शास्त्रीय नसतात. चार जातींना मिळून एक नाव, त्यात शकुन-अपशकुन मिसळलेले.” हेही खरे. टिटवी रात्री ओरडली तर आमच्याकडे अजून माणसे दचकतात. मग तसे लिहा. नाव लिहा, शेजारी शंका लिहा, आणि पुस्तकाशी ताडून पाहा. न लिहिलेली गोष्ट ताडून पाहता येत नाही.

तिसरा म्हणेल, “या मंडळींनी पाखरांसाठी केले ते थोडे आहे काय?” मुळीच थोडे नाही. गिधाडे का मेली, याचा शोध गावाने लावला नसता. डायक्लोफिनॅक हे गुरांना द्यावयाचे औषध त्यांच्या मुळावर आले, हे २००४ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, आणि २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. पण मेलेले जनावर कुजेपर्यंत तसेच पडून राहते, वरून कोणी उतरत नाही, ही गोष्ट सर्वांआधी कोणाच्या नाकाला कळली असेल? आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात वनखात्याने गिधाडांसाठी ‘उपाहारगृहे’ काढली, म्हणजे मेलेली जनावरे नेऊन टाकण्याच्या राखीव जागा. जनावर कोणाचे मेले, त्याला कोणते औषध टोचले होते, हे गावकऱ्याने सांगितल्यावाचून त्यातले एकही चालत नाही. शास्त्र आणि गाव यांची गाठ पडली की पाखरू वाचते. माझे म्हणणे एवढेच आहे की ही गाठ सहलीत का पडू नये?

आता जमिनीकडे वळतो, कारण खरे संकट तिथे आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, १९९६ सालच्या आपल्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच मानावयाचे. कित्येकांना आनंद झाला, मलाही झाला. पण आमच्याकडे वन म्हटले की झाडे, आणि झाडे म्हटली की खड्डे आणि रोपे! २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. संकल्प थोर, पण रोपाला जागा लागते, आणि हिशेबनिसाला ‘रिकामी’ जागा झुडपीतच दिसते. ज्या पाखराला उघडी जमीन आणि विरळ काटेरी झुडूप हवे, त्याच्या घरात दाट ओळींनी झाडे उभी करणे म्हणजे कोळ्याच्या घरात नांगर नेऊन ठेवणे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे माळढोक दिसत असे. त्याला सागाचे बन नको होते, माळ हवा होता.

नदीचेही तेच. मेडीगड्ड्याचा बंधारा २०१९ च्या जून महिन्यात सुरू झाला. त्याचा एक काठ तेलंगणात, दुसरा आमच्या तालुक्यात. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले, ती बातमी देशभर गाजली. पाण्याखाली गेलेल्या शेतांसाठी आमचे शेतकरी भांडले, आणि ते भांडण न्याय्य होते. पण वाळूचे पट्टे गेले त्यांच्यासाठी कोण भांडणार? नदी-सुरय उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालतो. कोणत्या पट्ट्यावर किती घरटी होती, हे वाळूत डांगरवाड्या लावणाऱ्या ढिवरांना विचारावे. त्यांची साक्ष कोणाच्या यादीत असती, तर वाळूलाही एक वकील मिळाला असता.

सहलीच्या यादीला मी क्षुल्लक समजत नाही, म्हणूनच मला राग येतो. उद्या या झुडपीत रोपे लावावयाचे किंवा दुसरे काही उभारावयाचे ठरले, की कोणी तरी साहेब विचारील, इथे पाखरे कोणती? मग जुन्या याद्या काढल्या जातील. याद्यांत झुडपी नसेल. आणि जे कागदावर नाही ते जमिनीवरही नाही, असा शेरा पडेल. “इथे काही नाही, भरभर चला,” हे एका घाईच्या माणसाचे वाक्य असे सरकारी सत्य होऊन बसते.

हे वेगळ्या रीतीने होऊ शकते, याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यामागे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी चालविलेला अभ्यासगट होता, हे थोड्यांस ठाऊक असते. गावकरी आणि बाहेरचे जाणते एकत्र बसून जंगलाचा अभ्यास करीत. कोणी कोणाचा हाकाऱ्या नव्हता. आणि ज्या चितमपल्लींच्या जन्मदिवशी हा सप्ताह सुरू होतो, ते तरी काय करीत? सारी हयात वनखात्यात काढून ते पारध्यांमागून, गोंडांमागून, कोळ्यांमागून चालले, त्यांच्या तोंडची नावे टिपून घेतली, आणि त्यांतून मराठीला शब्दांचे भांडार दिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या तसबिरीला हार घालून, त्यांच्या रीतीच्या नेमके उलट चालणे हा कसला सप्ताह?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. वाटाड्याला शेवटपर्यंत पुढे चालू द्यावे, आणि त्याला हमालाची मजुरी न देता शिक्षकाचे मानधन द्यावे. पाखराचे नाव आधी गावाच्या भाषेत लिहावे, मग पुस्तकाच्या. एक सकाळ जंगलाला द्यावयाची असेल तर एक रात्र झुडपीला द्यावी. जैवविविधतेच्या २००२ च्या कायद्याने गावोगाव लोक-जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. सहलीची यादी जिथे जावयाची तिथे जाऊ द्या, पण तिची एक प्रत त्या नोंदवहीत गेली पाहिजे, म्हणजे ती ग्रामसभेच्या हाती पुरावा म्हणून राहील. आणि शाळेला तक्ता पाठवू नये. तक्ता आमची मुले करतील. त्याची प्रत आम्ही शहराला पाठवू.

येत्या पक्षी-सप्ताहात जी मंडळी आमच्या तालुक्यात येतील त्यांचे स्वागत आहे. दुर्बीण आणा, बूट काट्यांना टिकतील असे आणा, विजेरी आणा. आणि वही आणाल तिच्यात नेहमीच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना आखून आणा: ‘कोणी दाखविला’. तो रकाना भरल्यावाचून पान उलटू नका.